आईबाबांचं जळगाव–पुणे तिकीट: तारीख बदलायची, नाव बदलायचं की सरळ रद्द करायचं?

कापसाचा_पोरगा | 9 ऑक्टोबर 2025, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. मी पुण्यात, घरचे पाचोरा तालुक्यात. दिवाळीला या वेळी सगळ्यांना इकडेच बोलावलं होतं, कारण बायकोला सातवा चालू आहे आणि तिला प्रवास नको म्हणून सांगितलंय. 60 दिवस आधी, म्हणजे 17 ऑगस्टला सकाळी 8 च्या ठोक्याला बसून आई, बाबा आणि मावशी अशा तिघांचं 16 ऑक्टोबरचं थर्ड एसीचं तिकीट काढलं. जळगावहून रात्रीची गाडी. तिघंही कन्फर्म, त्यात दोन लोअर. मीच माझी पाठ थोपटली होती.

आता गंमत बघा. पावसाने लांबलेली वेचणी नेमकी आत्ता आली. मजूर मिळाले ते 15 ते 18 या तारखांचे. बाबा म्हणतात, कापूस झाडावर सोडून मी दिवाळी खाऊ का? तिकडे मावशीच्या गुडघ्याने परत डोकं वर काढलंय, तिचंही रद्द.

प्रश्न तीन:
एक, बाबांच्या तिकिटाची तारीख 19 करता येईल का? साइटवर तसं बटण कुठे दिसत नाही.
दोन, बाबांच्या जागी लहान भाऊ आणि मावशीच्या जागी वहिनी, असं नाव बदलता येतं का?
तीन, रद्दच करायचं तर कधी केलं म्हणजे कमी पैसे जातील?

तिकीट ऑनलाइन काढलेलं आहे, माझ्या स्वतःच्या खात्यावरून. खिडकीचं नाही.

भरीत_पुरी | 9 ऑक्टोबर, रात्री 9.58

बाबांचं बरोबर आहे. कापूस आधी.
(उत्तर माहीत नाही, धागा वर राहावा म्हणून लिहू राहिलो.)

धुळ्याची_लेक | 9 ऑक्टोबर, रात्री 10.15

ऑनलाइन तिकिटाची तारीख बदलत नाही भाऊ. रद्द करा आणि नवं काढा, एवढंच. मी मागे पूर्ण दुपार ते बटण शोधण्यात घालवली होती.

खिडकीतला_माणूस | 9 ऑक्टोबर, रात्री 11.05

मी आरक्षण खिडकीच्या आतल्या बाजूला 31 वर्षं काढून निवृत्त झालो. जरा नीट लिहितो, कारण हेच तीन प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात.

तारीख: तारीख पुढेमागे करण्याची सोय आहे, पण खिडकीवरून काढलेल्या तिकिटालाच. गाडी सुटायच्या 48 तास आधी मूळ तिकीट घेऊन खिडकीवर जायचं. नव्या तारखेला जागा असेल तर मिळते, आणि हे एकदाच करता येतं. ऑनलाइन तिकिटाला ही सोय आज तरी नाही. आज तरी म्हणतोय, कारण याच आठवड्यात रेल्वेमंत्र्यांचं निवेदन आलं की जानेवारीपासून कन्फर्म ऑनलाइन तिकिटाची तारीख बदलता येईल. त्यातही नव्या तारखेला जागा असली तरच, आणि भाड्यातला फरक भरून. तुमच्या 16 तारखेला त्याचा उपयोग शून्य.

नाव: हे मात्र होतं, आणि ऑनलाइन तिकिटालाही होतं. फक्त घरबसल्या नाही. गाडी सुटायच्या किमान 24 तास आधी आरक्षण कार्यालयात जायचं. सोबत तिकिटाची छापील प्रत, साधा अर्ज, ज्याच्या नावावर करायचं त्याचं ओळखपत्र आणि नातं सिद्ध करणारा कागद. रेशनकार्ड सगळ्यात उत्तम, त्यावर सगळं घर एका पानावर असतं. अर्ज खिडकीवर नाही, मुख्य आरक्षण पर्यवेक्षकाकडे द्यायचा. रांगेत दोन तास उभं राहून मग हे कळलेली माणसं मी रोज बघायचो.

पण नाती ठरलेली आहेत: आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको. म्हणजे बाबांच्या जागी तुमचा भाऊ चालतो. मावशीच्या जागी वहिनी चालत नाही. मावशीच्या जागी भाचासुद्धा चालत नाही.

रद्द: थर्ड एसी कन्फर्म असेल तर 48 तासांच्या आधी माणशी 180 रुपये आणि वर जीएसटी. स्लीपरला 120, सेकंड एसीला 200, बसायच्या सेकंड क्लासला 60. 48 तासांच्या आत आलात की भाड्याचे 25 टक्के, 12 तासांच्या आत 50 टक्के, आणि शेवटच्या 4 तासांत काही परत मिळत नाही. समजा भाडं 1200 आहे. आज रद्द केलं तर 180 जातील, 15 तारखेला 300, आणि 16 ला दुपारी 600. मावशीचं नक्की असेल तर उद्याच करा. तिघांतल्या एकीचंच रद्द करता येतं. रद्द करताना फक्त तिच्याच नावापुढे खूण करा, घाईत तिघांची करू नका. हसू नका, होतं तसं.

धुळ्याची_लेक | 9 ऑक्टोबर, रात्री 11.20

म्हणजे रेल्वेच्या हिशेबात सून घरातली नाहीच! सासूचं तिकीट सुनेला मिळत नाही, लेकीला मिळतं. लिहून ठेवते.

खिडकीतला_माणूस | 9 ऑक्टोबर, रात्री 11.31

ताई, हे वाक्य मी खिडकीवर किमान शंभर बायकांकडून ऐकलंय. जावयालाही मिळत नाही, एवढंच समाधान.

तापीकाठचा | 10 ऑक्टोबर, सकाळी 7.10

राम राम मंडई. मन्हा पोऱ्यानी तिकीट काढं व्हतं, आम्ही नवराबायको टेसनवर जाईसन बसनूत. टीसी म्हने, बाबा, तुमनी गाडी काल गयी.

झालं असं की गाडी रात्री 12 वाजून 25 मिनिटांची. आम्हाला 12 तारखेच्या रात्री निघायचं होतं, पोराने तिकीट 12 चंच काढलं. आता 12 च्या रात्री जेवून निघालो, तर स्टेशनवर पोचेतो 13 लागलेली. आमची गाडी आदल्या रात्रीच, म्हणजे 11 ची रात्र संपून 12 लागल्या लागल्या निघून गेली होती. पैसे सगळे गेले. बाईने डब्यातल्या दशम्या तिथेच बाकावर सोडल्या, खाल्ल्या आणि सकाळच्या गाडीने घरी आलो. भुसावळ-जळगावकडून मध्यरात्रीच्या गाड्या पुष्कळ. रात्री 12 नंतरची गाडी असली की एक तारीख पुढची टाका, एवढं ध्यानात ठेवा.

केळीबाग | 10 ऑक्टोबर, सकाळी 8.02

काका, तुमच्यासारखंच आमच्या लग्नाच्या वऱ्हाडाचं झालं होतं. 22 माणसं. पुढचं विचारू नका.

उधना_रिटर्न | 10 ऑक्टोबर, सकाळी 9.30

मी सुरतेत, गाव दोंडाईच्याजवळ. आमच्या ताप्ती लाइनवर सगळ्यांचं गणित वेगळं, कारण दिवाळीला अख्खं सुरत खान्देशात येतं आणि भाऊबीज झाली की अख्खा खान्देश सुरतेला जातो. उधना ते नंदुरबार बसायला जागा मिळणं हीच दिवाळी.

मूळ प्रश्नाला: एवढी खटपट कशाला करता? एजंटला पाचशे जास्त द्या, तो 19 चं तत्काळमध्ये काढून देतो. मी नेहमी तेच करतो.

खिडकीतला_माणूस | 10 ऑक्टोबर, सकाळी 10.12

उधनावाले भाऊ, नेहमी करत असाल, आता जपून. जुलैपासून ऑनलाइन तत्काळ फक्त आधार जोडलेल्या खात्यालाच, आणि आधारचा ओटीपी टाकूनच. एसीचं तत्काळ 10 ला उघडतं, स्लीपरचं 11 ला, आणि पहिला अर्धा तास अधिकृत एजंटलाही बंद. दिवाळीत अर्ध्या तासानंतर काय उरतं ते तुम्हीच सांगा. जो एजंट "10 वाजून 2 मिनिटांनी काढून देतो" म्हणतो, तो कोणाच्या तरी घरगुती खात्यावरून काढतोय. ते खातं बंद पडलं तर तिकीट तुमचं, डोकेदुखीही तुमची.

दुसरं म्हणजे ऑनलाइन तिकिटाचा परतावा ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात जातो. एजंटने भरले असतील तर एजंटच्या. मग त्याच्या दुकानाच्या चकरा मारा.

आणि तत्काळचं कन्फर्म तिकीट रद्द केलं तर एक रुपया परत नाही. बाबांचा 19 चा बेत पक्का असेल तरच तत्काळ. कापूस काय, 18 ला संपेल असं सांगतो आणि 20 पर्यंत जातो.

उधना_रिटर्न | 10 ऑक्टोबर, सकाळी 10.40

अर्धा तास बंदचं माहीत नव्हतं. म्हणूनच यंदा तो फोन उचलू नाही राहिला.

पीजे_आठवणी | 10 ऑक्टोबर, दुपारी 1.15

विषय तिकिटाचा निघालाच आहे तर. आमच्या पाचोरा–जामनेर छोट्या गाडीला कन्फर्म, वेटिंग असलं काही नव्हतं. आत जागा नसली तर दारात, आणि गाडी एवढी हळू की चुकली तरी सायकलवर गाठता यायची. बंद झाली ती. ब्रॉडगेज कधी होईल ते होईल. गाडी जाताना वावरातली माणसं हात करायची, ते आठवतं.

अवांतराबद्दल माफी.

नवापूरकर | 10 ऑक्टोबर, दुपारी 1.50

अवांतरच चाललंय तर आमच्या स्टेशनचंही ऐका. नवापूरला तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरची खोली गुजरातेत. तिकीट एका राज्यात काढायचं आणि तक्रार दुसऱ्या राज्यात करायची. फलाटावरच्या एका बाकाचं अर्धं बूड इकडे, अर्धं तिकडे. पाहुणे आले की आधी त्या बाकावर बसून फोटो.

कापसाचा_पोरगा | 10 ऑक्टोबर, रात्री 8.20

खिडकीवाले काका, खूप आभार. मावशीचं आज सकाळीच रद्द केलं, फक्त तिच्याच नावापुढे खूण करून, तीनदा तपासून. आईचं आणि बाबांचं जागच्या जागी आहे. भाऊ सोमवारी 13 ला जळगावला जाऊन नाव बदलून आणतो.

एक शंका. भावाला पाचोऱ्याला बसणं सोपं, गाडी तिथेही थांबते. तिकीट जळगावचं आहे. तसंच चढला तर चालेल का? आणि वहिनीचं काय करू? तिच्यासाठी वेटिंगचं काढून ठेवू का, घरची दोघं कन्फर्म आहेत तर टीसी सांभाळून घेईल?

खिडकीतला_माणूस | 10 ऑक्टोबर, रात्री 9.15

न सांगता पुढच्या स्टेशनवर चढू नका. टीसी जळगावला बघतो, माणूस नाही, गैरहजर मांडतो आणि जागा आरएसीवाल्याला, म्हणजे अर्धाच बर्थ मिळालेल्याला, देतो. मग पाचोऱ्याला तुम्ही डब्यात शिरता तेव्हा तुमच्या बर्थवर कोणीतरी चादर ओढून झोपलेला, आणि तो चुकीचा नसतो. चढायचं स्टेशन ऑनलाइन बदलता येतं, फुकट. 24 तास आधीच उरकून टाका. एकदा पाचोरा केलं की जळगावहून चढायचा हक्क गेला, हेही लक्षात ठेवा. आई आणि भाऊ एकाच तिकिटावर आहेत, म्हणजे दोघंही पाचोऱ्यालाच चढणार, असं असेल तरच बदला.

वहिनींच्या वेटिंगचं: ऑनलाइन वेटिंग चार्ट (जागावाटपाची यादी) लागेपर्यंत वेटिंगच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. माणशी 60 आणि जीएसटी कापून पैसे परत येतात. पण त्या तिकिटावर गाडीत बसता येत नाही, ते तिकीटच उरत नाही. टीसी सांभाळून घ्यायचे दिवस गेले. घरच्या दोघांचं कन्फर्म असणं हा तिच्यासाठी काही आधार नाही, कारण तिचं तिकीट वेगळं.

एक बरं झालंय. जुलैपासून पहिला चार्ट गाडी सुटायच्या 8 तास आधी लावायला लागले आहेत. पूर्वी चार तासच असायचे, माणूस बॅग घेऊन स्टेशनवर पोचायचा आणि तिथे कळायचं. आता घरीच कळतं.

चाळीसगाव_आउटर | 11 ऑक्टोबर, सकाळी 6.55

आमचा उलटा अनुभव, खिडकीच्या तिकिटाचा. वेटिंग होतं, शेवटपर्यंत तसंच राहिलं. आम्ही समजलो ऑनलाइनसारखे पैसे आपोआप येतील. महिनाभर वाट पाहिली. खिडकीचं तिकीट आपोआप रद्द होत नाही, गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत ते आपणच रद्द करायचं असतं, हे नंतर कळलं. ते तिकीट अजून कपाटात आहे, रेशनकार्डाच्या आत घालून ठेवलंय.

वांग्याचा_देठ | 11 ऑक्टोबर, सकाळी 11.20

गाडी लेट झाली तर पैसे मिळतात म्हणतात, ते खरं का? गेल्या वर्षी आमची गाडी साडेपाच तास उशिरा आली. बहिणीच्या नणंदेचा साखरपुडा होता, तो संपूनही गेला, म्हणून आम्ही गेलोच नाही. कोणी काही सांगितलं नाही, पैसे बुडाले.

खिडकीतला_माणूस | 11 ऑक्टोबर, दुपारी 12.05

खरं आहे. तुम्ही ज्या स्टेशनवर चढणार तिथे गाडी 3 तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर पूर्ण पैसे मिळतात. तत्काळचेसुद्धा. पण ते मागावे लागतात. ऑनलाइन तिकीट असेल तर टीडीआर, म्हणजे परतावा मागायचा अर्ज, भरायचा, आणि तो गाडी त्या स्टेशनवरून प्रत्यक्ष सुटायच्या आधी भरायचा. सगळे इथेच चुकतात. गाडी गेल्यावर, दुसऱ्या दिवशी, निवांत चहा पीत भरायला जातात, आणि अर्ज फेटाळला जातो. गाडी साडेपाच तास लेट म्हणजे तुम्हाला अर्ज भरायला तेवढा वेळ फलाटावर होता.

एसी बंद पडला तर भाड्यातला फरक मिळतो, त्याची मुदत गाडी तुमच्या उतरायच्या स्टेशनला पोचल्यापासून 20 तास. गाडीच रद्द झाली तर ऑनलाइनवाल्यांनी काहीच करायचं नाही, सगळे पैसे आपोआप येतात. खिडकीवाल्यांनी तिकीट घेऊन खिडकीवर यायचं. टीडीआरचे पैसे यायला दोन महिनेही लागतात. वैतागून ते विसरून जाऊ नका.

वांग्याचा_देठ | 11 ऑक्टोबर, दुपारी 12.30

फलाटावर आम्ही पत्ते खेळू राहिलो होतो. चालायचंच.

धुळ्याची_लेक | 11 ऑक्टोबर, दुपारी 3.45

परताव्यावरून आठवलं. पैसे अडकले की नेटवर "रिफंड हेल्पलाइन" शोधू नका. माझ्या शेजारच्या काकांनी तसा नंबर शोधून फोन लावला. समोरच्याने गोड बोलून मोबाइलवर एक अ‍ॅप टाकायला लावलं, स्क्रीन दिसायला लागली, ओटीपी आपोआप गेला. 900 रुपयांच्या तिकिटापायी 14 हजार गेले. रेल्वेचा नंबर 139, एवढाच पाठ करा.

आणि ज्येष्ठांची सवलत? ती परत सुरू झाली का? माझ्या सासूबाई प्रत्येक वेळी विचारतात.

खिडकीतला_माणूस | 11 ऑक्टोबर, सायंकाळी 5.10

नाही. मार्च 2020 मध्ये बंद झाली ती बंदच आहे. आधी पुरुषांना 40 आणि बायकांना 50 टक्के होती. लोअर बर्थचा कोटा मात्र आहे. पुरुषांना 60 पासून, बायकांना 45 पासून. सासूबाईंना सांगा, 45 चा आकडा ऐकून त्यांना बरं वाटेल.

केळीबाग | 12 ऑक्टोबर, सकाळी 8.40

काका, तुमची एक वही करून छापा. रावेरला शंभर प्रती माझ्या.

कापसाचा_पोरगा | 13 ऑक्टोबर, सायंकाळी 7.30

अपडेट. भाऊ आज जळगावला जाऊन आला. पहिल्या फेरीत परत पाठवलं, कारण रेशनकार्डावर बाबांचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळेना. तिकिटावर मी आडनाव आधी टाकलं होतं, आणि आजोबांचं नाव गाळलं होतं. शेवटी भावाच्या आधारवरचं वडिलांचं नाव दाखवलं, तेव्हा पर्यवेक्षक साहेबांनी सही केली. साहेब चांगले होते, पण जेवणाच्या सुट्टीत सापडल्यामुळे भावाला बाहेर दीड तास बसावं लागलं. त्या वेळात त्याने शेवभाजी खाल्ली, त्यामुळे त्याची तक्रार नाही.

मावशीचे पैसे तिसऱ्या दिवशी खात्यात आले. 180 आणि जीएसटी कापून. तिकीट काढताना जो सेवाआकार घेतात तो परत आला नाही.

धुळ्याची_लेक | 13 ऑक्टोबर, सायंकाळी 7.52

तो कधीच येत नाही. यूपीआयने भरलं तर तरी कमी असतो, एसीला 20, साध्याला 10, वर जीएसटी. कार्डाने भरलं की 30 आणि 15. वहिनीचं काय ठरलं?

कापसाचा_पोरगा | 15 ऑक्टोबर, सकाळी 10.25

वहिनीसाठी आत्ता 10 ला तत्काळला बसलो होतो. आधार जोडलेलं होतं, नाव आधी भरून ठेवलं होतं, ओटीपी आला, टाकला, पैसे भरायच्या पानावर चक्र फिरत राहिलं. 10 वाजून 4 मिनिटांनी वेटिंग 11. पैसे कापले नाहीत, एवढं बरं.

वहिनी म्हणते, मी बाबांसोबत थांबते, त्यांना वेचणीच्या दिवसांत भाकरी कोण टाकणार. आम्ही सगळे पुण्यात बसून तिची जागा शोधत होतो आणि तिला मुळात यायचंच नव्हतं, असा मला संशय आहे.

भरीत_पुरी | 15 ऑक्टोबर, सकाळी 10.31

वहिनी हुशार. भरीताची वांगी आत्ताच निघू राहिलीत.

कापसाचा_पोरगा | 17 ऑक्टोबर, सकाळी 9.05

आई आणि भाऊ पोचले. चढायचं स्टेशन पाचोरा करून घेतलं होतं, टीसीने नाव पाहिलं, भावाचं आधार पाहिलं, झालं. आईने कळण्याचं पीठ, ठेचा आणि दहा किलो केळी आणलीत. मावशीचा बर्थ कोणाला तरी गेला होता, त्या बाईशी आईची रात्रभर गट्टी. ती एरंडोलची निघाली.

बाबांनी 19 चं स्वतःच बघितलंय. चाळीसगावपर्यंत कोणाच्या तरी जीपने, पुढे एसटी. मी म्हटलं, सांगितलं असतं तर ऑनलाइन आरक्षण करून दिलं असतं. म्हणाले, राहू दे, आधी मजुरांचा हिशेब होऊ दे.

खिडकीतला_माणूस | 17 ऑक्टोबर, सकाळी 9.40

छान झालं. आता परतीचं तिकीट काढलंय का? भाऊबीज 23 ला आहे.

कापसाचा_पोरगा | 17 ऑक्टोबर, सकाळी 9.44

...

खिडकीतला_माणूस | 17 ऑक्टोबर, सकाळी 9.46

बरं. किती माणसं, ते सांगा.